सुईवरची विभूती

एका भल्या बाईच्या देवघरातली विभूती मी एकदा भर बैठकीत तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी केली. वय लहान होतं असं सांगून सुटता आलं असतं, पण तेवढंही लहान नव्हतं. लग्न झालेलं होतं, कडेवर एक मूल होतं, आणि अंबाजोगाईच्या वाचनालयातलं रहस्यकथांचं अख्खं कपाट वाचून संपवलेलं होतं. त्या कपाटानंच घात केला. जगात सरळ असं काही नसतंच, प्रत्येक बंद खिडकीमागं कुणाचा तरी हात असतो, अशी माझी पक्की समजूत झालेली. तेव्हाची मी आज मला कुठं भेटले, तर मी तिला चहा पाजीन, पण घराची किल्ली कुठं ठेवते ते काही तिला कळू देणार नाही.

हे सगळं आठवलं ते नातीच्या नव्या यंत्रामुळं. आता म्हणे तबकड्या परत आल्यात. तिनं काचेच्या ताटाचं, चकचकीत दांड्याचं टर्नटेबल घेतलंय आणि मला लांबच्या खुर्चीत बसवून म्हणते कशी, "आजी, नुसतं ऐक. हात लावू नकोस." मी ऐकलं. मग म्हटलं, "तुझं टेबल डावीकडं झुकलंय. गाणारीचा एक कान जड झाल्यासारखा वाटतोय." तिनं मोबाइल टेबलावर ठेवून पातळी बघितली, खाली पुठ्ठा सारला, आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी लपवलंय. मी लपवलं होतंच. तिच्या आजोबांनी सुद्धा कधी घरात ही गोष्ट काढली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आता मीच काढते.

आमचे हे एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होते. कारखाना नवा. कॉलनीच्या भिंती जोत्यापर्यंतच आलेल्या, म्हणून गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालक अप्पा, एका भिंतीआड राहणारे. त्यांचं किराणा दुकान आणि सरकीची आडत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं, आणि तराजूकडं बघावं तसं माणसाकडं बघायची सवय. त्यांच्या बायकोला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणत असे. चौसाळ्याचं माहेर, उंच बांधा, आवाज असा की भिंतीपलीकडून हाक आली की माझं मूल झोपेतून उठायचं.

ती हाक त्या वर्षी सोन्यासारखी होती. पाऊस नुसते ढग दाखवून गेलेला. तेलगावकडचा उभा ऊस जनावरांच्या दावणीला गेला. गावातल्या विहिरी खरवडून झाल्या होत्या. अप्पांच्या परसातल्या आडाला मात्र एक बारीकसा झरा होता. तो थेंबथेंब करत भरायचा, आणि भरला की अक्का भिंतीवरून हाक मारायच्या, "पाणी आलंय गं, ये!" मग मी घागर घेऊन पळत सुटायची. उशीर झाला तर मागून शेजारपाजार येणार. त्या नेहमी मला आधी हाक मारायच्या, का तर माझ्या घरात लेकरू होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी विचार करायची, ह्या बाईला माझ्याकडून काय हवं असेल?

कारखान्याचं त्या वर्षीचं गाळप सुरू झालं न झालं तोच चाकं थांबली. ऊसच नाही तर गाळणार काय? हे सकाळी जाऊन सही करायचे आणि घरी यायचे. भोंगा बंद. त्या कारखान्याची घरघर रात्रंदिवस कानात होती हे ती थांबल्यावरच कळलं. गाव इतकं शांत झालं की माझ्या बांगड्या मलाच मोठ्यानं वाजल्यासारख्या वाटायच्या. आणि त्या शांततेत ह्यांचा जुना आजार उफाळून आला. आजार म्हणजे आवाजाचा. आवाज स्वच्छ पाहिजे.

एक दिवस मुंबईहून येताना ह्यांनी एसटीत मांडीवर खोकं धरून आणलं.

"काय आहे?"

"यंत्र."

"कसलं?"

"फिरणारं."

एवढ्या कमी शब्दांत बोलणारा नवरा काहीतरी दडवत असणारच. ते खोली लावून बसले की मी दाराच्या फटीतून बघायची. आत काय, तर हे जमिनीवर पालथे पडून एका तबकडीकडं बघत असायचे. हातात प्रयोगशाळेतला छोटा तराजू. सुई तबकडीवर किती भार देते ते मोजत होते! हलकी ठेवली तर उडते, जड ठेवली तर तबकडी खाते, असं नंतर मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही.

यंत्र जर्मन होतं, पट्ट्यावर चालणारं. मोटार एका कोपऱ्यात, ताट मधे, आणि दोघांना जोडणारा रबरी पट्टा. मोटारीची थरथर ताटापर्यंत पोचू नये म्हणून ही सोय. आता पुढचं ऐका. अप्पांना हे कळल्यावर त्यांनी एक शब्दही काढला नाही. पण दिवाळीनंतर हैदराबादहून सरकीच्या पोत्यांचा ट्रक आला, आणि पोत्यांच्या मधोमध, सरकीतच पुरून, एक जपानी यंत्र आलं. तिकडच्या कुण्या निवृत्त साहेबाचं होतं म्हणे. वजन एवढं की हमालानं आधी भाव विचारला. ह्याला पट्टाबिट्टा नाही. मोटारीच्या डोक्यावरच ताट.

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी ओसरीवर बसून वाद घालायचे.

"साहेब, पट्ट्यावर तर पिठाची गिरणी चालती," अप्पा म्हणायचे. "पट्टा म्हंजे आज ताठ, उद्या ढिला. गाणं ढिलं पडंल तर काय पट्ट्याला कुंकवाचं बोट लावणार हाव?"

"अप्पा, तुमची मोटार थेट गाण्याच्या खुर्चीखाली बसलीय. ती कितीही गुपचूप बसली तरी हलणारच."

"माझी हलत न्हाई. बिलकूल न्हाई."

"कानाला कळत नाही. सुईला कळतं."

अक्का ज्वारी निवडत तिथंच बसायच्या. एकदा म्हणाल्या, "दोनीकडं बाई तीच, गाणं बी तेच. मग भांडायलेत कशापायी?"

दोघांनीही असं बघितलं, जणू देवळात कुणी चप्पल घालून आलंय.

आवाज चांगला यावा म्हणून ह्यांनी घराचा जो कारखाना केला, तो सांगितला तर आज खोटा वाटेल. यंत्राखाली शहाबादी फरशी, फरशीखाली चाळलेल्या वाळूचा ट्रे, का तर जमिनीची थरथर वाळूनं गिळावी. मला चालायची बंदी. गाणं चालू असताना मी स्वतःच्या घरात चोरासारखी चवड्यांवर चालायची. ताटाच्या कडेला ठिपके होते, ते बल्बच्या उजेडात जागच्या जागी उभे दिसले की गती बरोबर. आमच्याकडं विजेचा दाब असा की ठिपके कधी मागं सरकायचे, कधी पुढं. ठिपके मागं सरकले की गाणारी जांभई दिल्यासारखी गायची. आणि सगळ्यात कळस म्हणजे पाणी. दुष्काळात हवा कोरडी, तबकडी पुसली की तिला वीज चढायची आणि खोलीतली सगळी धूळ ती अंगावर ओढून घ्यायची. त्यावर ह्यांचा उपाय कोणता? प्रयोगशाळेतनं बाटलीभर डिस्टिल्ड वॉटर आणून तबकड्या धुवायचे. बायको आडाच्या कडेला झऱ्याची वाट बघत उभी, आणि घरात नवरा तबकड्यांना अंघोळ घालतोय! मी एकदा ती बाटली लपवली. ह्यांनी दुसरी आणली. ते बोलले नाहीत, पण मला कळलं की त्यांना कळलंय. आमचा संसार असा चालला होता.

अखेर ठरलं. दोन्ही यंत्रं एका खोलीत, एकाच अॅम्प्लिफायरला आणि एकाच स्पीकरला जोडायची, एकच तबकडी दोन्हीवर लावायची, आणि निकाल लावायचा. खोली आमची, कारण अप्पांच्या घराला मातीचं माळवद आणि खाली लाकडी तक्तपोशी, वर मांजर चाललं तरी सुई उडायची. पंच म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी. सहकारात वाढलेला माणूस. अध्यक्षाशिवाय, सूचक-अनुमोदकाशिवाय त्यांना पानसुद्धा गोड लागत नसे. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, म्हणूनच ते दोघांनाही मान्य झाले.

आता माझा तपास सुरू झाला. अप्पांना आपलं यंत्र जिंकायला हवं होतं, मग अक्का कुणाच्या बाजूच्या असणार? हेतू सापडला. शिवाय अक्का दुपारी आमच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. डोळे मिटणारी माणसं मला फार संशयास्पद वाटायची. त्यात त्यांनी एकदा विचारलं, "ह्ये उघडंच ठिवतीस व्हय गं? झाकत न्हाईस?" दुसऱ्यांदा, "सुई मोडली तर हितं मिळती का?" सुईची चौकशी! माझ्या रहस्यकथांत असं विचारणारा माणूस पुढच्या प्रकरणात हातकडीत असायचा.

रविवार उजाडला. हे अप्पांचं यंत्र आणायला गेले. ते गेल्याबरोबर मी आमच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. शिलाई मशीन म्हणा, सायकल म्हणा, दुकानाचा काटा म्हणा, आपण सगळ्यांना वाहतो; मग हे यंत्र काय परकं होतं? नारायणगडाच्या देवाला त्या दिशेनं एक नमस्कार केला, तिकडूनही थोडी मदत झाली तर बरं. ह्यांना असलं काही आवडत नसे, म्हणून दिसेल तेवढं सगळं पदरानं पुसून टाकलं. तेवढ्यात भिंतीवरून हाक आली, "पाणी आलंय गं, ये!" मी मूल काखेत, घागर डोक्यावर, आणि परसात.

झरा त्या दिवशी रडत होता. पोहऱ्यात वाटी-वाटी येणारं पाणी ओढत मी घागर भरत बसले. मधेच वावटळ उठली, पाचोळा गोल फिरत कौलांपर्यंत गेला, डोळ्यात धूळ, मुलाच्या नाकात धूळ. पदर तोंडावर घेऊन बसून राहिले. अक्का तिथं नव्हत्या. हे मी मनात टिपून ठेवलं.

घरी आले तर खिडकी बंद. मी उघडी ठेवून गेले होते. यंत्रावर एक पांढरा पंचा पसरलेला. आमचा नव्हे. पंच्याच्या कोपऱ्यावर राखाडी भुकटी. मी बोटानं उचलली, वास घेतला. विभूती! मी पंचा घडी घालून गादीखाली लपवला. पुरावा जपून ठेवावा लागतो, हे मला कपाटानं शिकवलेलं.

दुपारी बैठक बसली. सेक्रेटरी खुर्चीत, अप्पा आणि हे जमिनीवर, अक्का दाराशी, मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी. सगळ्यांवर एकदम नजर ठेवता यावी म्हणून तीच जागा निवडली होती.

"सूचक कोण?" सेक्रेटरी.

"कशाचा सूचक? तबकडी लावायचीय," हे म्हणाले.

"मग लावा, हरकत न्हाई. नोंद राहील."

आधी अप्पांचं यंत्र. तबकडी ठुमरीची. शेवटी शेवटी गाणारीचा आवाज बारीक होत होत केसाएवढा उरतो, आणि तो केस तुटायच्या आत तबला थांबतो. त्या जागेसाठीच ती तबकडी निवडली होती. आवाज आला. अगदी जवळून, जणू बाई आमच्या गादीवर बसून गातेय. केस तुटला नाही. अप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं.

मग आमचं यंत्र. ह्यांनी श्वास रोखून सुई टेकवली.

खर्रर्र.

गाणारीला पडसं झालं होतं. नुसतं पडसं नव्हे, तिला उंटावर बसवून गायला लावलं होतं. दर फेऱ्याला आवाज वर, खाली, वर, खाली. केसाएवढ्या जागेपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. तिथं पोचायच्या आधीच सुई घसरून बाजूला झाली.

"चाराण्याचं नाणं ठिवा सुईवर," सेक्रेटरी म्हणाले. "माझ्या मेव्हण्याकडं आसंच करतेत. गप बसती."

ह्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा बघितला नाही. त्यांनी खिशातून भिंग काढलं, सुईच्या टोकाशी नेलं, आणि हळूच म्हणाले, "काहीतरी भुकटी आहे."

झालं! मला हव्या त्या क्षणी हवा तो शब्द मिळाला.

"थांबा!" मी म्हणाले. "कुणी जागचं हलायचं नाही."

सेक्रेटरी खरोखरच उठता उठता थांबले. मी गादीखालून पंचा काढला आणि सगळ्यांसमोर झटकून उघडला. "सकाळी मी आडावर असताना ह्या खोलीत कोण आलं होतं?"

"मी आलते," अक्का दारातून म्हणाल्या.

"का?"

"धूळ उठली व्हती गं, तुझी खिडकी..."

"खिडकी! बघा, कारण तयारच आहे. आणि हा पंचा कुणाचा?"

"आमच्या मालकांचा. पूजंचा. धुतलेला व्हता, मनून..."

"आणि ही काय आहे? विभूती! हीच सुईवर आहे. पाणी आलंय म्हणून मला बाहेर काढलंत, आणि आत येऊन आमच्या यंत्राच्या तोंडात राख घातलीत!"

मला वाटलं, सगळे माझ्या बुद्धीनं गप झालेत.

अक्कांनी रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या पुढं आल्या, माझ्या हातातून पंचा घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, आणि गेल्या. अप्पांनी यंत्राची वायर गुंडाळली. जाताना ह्यांना फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, कॉलनीतली घरं कवाशिक व्हतेत?"

सेक्रेटरी मागं राहिले. "ह्या विषयावर ठराव काय लिहायचा?"

"काही नाही," हे म्हणाले.

"मग सभा तहकूब," म्हणत ते चप्पल शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी कान देऊन बसायची. आडावर गेले तर दोर रहाटावरच, दाराला कडी नाही, पण अक्का घरात. झरा तोवर उपसून झालेला. मात्र दगडी डोणीत बादलीभर पाणी काढून ठेवलेलं असायचं. कुणासाठी ते लिहिलेलं नव्हतं. मी आजूबाजूला बघून ते घागरीत ओतून आणायची आणि घरी येऊन आधी तुळशीला घालायची. तुळस संध्याकाळपर्यंत टवटवीत राहिली की मगच मुलाला पाजायची. हो, अशी होते मी. पाण्यात काय मिसळलं असेल ते तुळशीकडून तपासून घेणारी.

घरातही ह्यांची बडबड संपली. "अप्पा घर सोडायला सांगतील का?" मी विचारलं. "सांगितलं तर सोडू," म्हणाले. सोडून जायचं कुठं? आड असलेलं घर त्या वर्षी कोण देणार? पण खरं सांगायचं तर घराची भीती दुय्यम होती. भिंतीपलीकडून ती हाक येत नव्हती, तेवढंच ऐकू यायचं. ह्यांचं शांत गाव आता मला फारच शांत झालं होतं.

मग एका संध्याकाळी हे प्रयोगशाळेतून आले ते पांढऱ्या गाळणकागदाची घडी घेऊन. सुई सूक्ष्मदर्शकाखाली धुऊन आले होते. कागद माझ्यासमोर उघडला. मधोमध ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा.

लाल.

"विभूती लाल असते का गं?" ह्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ते यंत्रापाशी गेले, ताटावरची रबरी चकती उचलली, आणि तिच्याखालून हळद लावलेला एक तांदूळ उचलून कागदावर ठेवला. गाणारीचा उंट सापडला होता. त्या तांदळावरून तबकडी प्रत्येक फेऱ्याला वर-खाली होत होती.

मला सगळं एकदम आठवलं. कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा आम्ही बायका पूजा बघायला गेलो होतो. उसाची पहिली मोळी जिथं टाकतात त्या गव्हाणीला कुंकू लावलं होतं. शेजारच्या एका बाईनं मला सांगितलं होतं, "जिथनं माल आत जातो तिथं लावायचं, म्हंजे माल तुटत न्हाई." मी विचार केला होता, ह्या यंत्रात गाणं कुठून आत जातं? सुईतून. म्हणून करंगळीनं अगदी हलकेच, काही मोडू नये अशा बेतानं, सुईच्या टोकाला कुंकू लावलं होतं. ताटावर अक्षता टाकल्या, एक घरंगळून चकतीखाली गेली असणार. बाकीचं मी पदरानं पुसलं आणि डोक्यातूनही पुसून टाकलं. कुंकू लावल्यानं काही बिघडू शकतं, हे सुचायलाच तयार नव्हतं. गुन्हेगार शोधायला निघालेली मी, सगळ्यांचे हात तपासले, स्वतःची करंगळी बघितली नाही.

"आता?" मी म्हटलं.

"आता तूच," हे म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "मी ठराव मांडणार नाही."

मध्येच सांगून टाकते: कोणतं यंत्र सरस, याचा निकाल आजवर लागला नाही. पुढं कितीतरी वेळा दोन्ही शेजारी शेजारी लावली गेली, पट्टे बदलले, सुया बदलल्या, वाळू बदलली. अप्पा आणि हे म्हातारे झाले तरी ओसरीवर तोच वाद. दोघांनाही निकाल नकोच असावा असा माझा संशय आहे, आणि हा एकच संशय मी अजून मागं घेतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद मुठीत धरून परसाच्या दारानं गेले. अक्का आडाच्या कट्ट्यावर बसून वाती वळत होत्या. मी समोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

"अक्का."

"दोर रहाटावर हाय. घे की."

"पाण्याला नाही आले."

"मग? आणीक काय घावलंय?"

मी कागद उलगडून त्यांच्या पुढ्यात धरला. लाल ठिपका आणि पिवळा तांदूळ. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग परत कागदाकडं.

"ह्ये कशावर व्हतं?"

"सुईवर. कुंकू. मीच लावलं होतं."

"सुईला?"

"हो."

"कावून गं बाई?"

मी गव्हाणीची सगळी गोष्ट सांगितली. सांगताना ती इतकी मूर्खपणाची वाटायला लागली की मधेच आवाज बारीक होत गेला, त्या ठुमरीवाल्या बाईसारखा, आणि शेवटी तुटलाच. मी तिथंच कट्ट्यापाशी खाली बसले. अक्का वात वळता वळता थांबल्या होत्या.

"येक सांग," त्या म्हणाल्या. "धूळ उठली तवा मी पळत आले, खिडकी लावली, झाकायला काय घावंना, तवा पूजंचा पंचा काढून टाकला. तुज्या मालकाचं कष्टाचं यंत्र हाय मनून. मला इचारलं आसतं तर मी सांगितलं नसतं व्हय?"

"विचारलंच नाही," मी म्हटलं.

"न्हाईच इचारलं."

त्यांनी अर्धी राहिलेली वात पुन्हा वळायला घेतली. मी वाट बघत राहिले. काय वाट्टेल ते ऐकून घ्यायला तयार होते. घर सोडा म्हणाल्या असत्या तरी मी मान खाली घालून गेले असते. आडात खाली कुठंतरी झरा टपटपत होता, ते दोघींना ऐकू येत होतं. अक्कांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. वर बघितलं तर पदर तोंडात कोंबून हसू दाबत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदर काढला, वातीचा कापूस माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या:

"उंद्या झरा भरला की हाक मारते, ये. पर तुजा कुंकवाचा करंडा तेवढा घरीच ठिव, पोरी. माज्या आडाला लावलंस तर पाणी बी खरखर वाजायचं."